उंबऱ्यापाशी पाय चिकटतात, काय करू?

कराडची काकू:
आमच्या ह्यांना कंपवात होऊन चार वर्षं झाली. वय ६८. एसटीत कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत, घाटातसुद्धा, कशाला न धरता तिकिटं फाडत जायचे. तोच माणूस आता स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखा उभा राहतो. हाताच्या थरथरीची सवय झाली, चहा अर्धाच कप भरते. पण हे दाराचं काही कळत नाही. जिना नीट चढतात की! मला वाटायचं मुद्दाम करतात. परवा वैतागून हात धरून ओढलं, तर गुडघ्यावर पडले. काही बोलले नाहीत, चेहराही हलला नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.
सकाळची गोळी दुधाबरोबर देते, वर लगेच नाश्ता. शेजारीण कवचबीजाचं चूर्ण द्या म्हणते. देऊ का?

डावा हात:
काकू, मी स्वतः पेशंट, नववं वर्ष. मुद्दाम नाही हो. डोकं सांगतं ‘चल’, पाय ऐकत नाहीत. दार, वळण, अरुंद जागा दिसली की जास्तच. जिन्याला पायऱ्या दिसतात, पाय कुठं टाकायचा ते कळतं, म्हणून तिथं जमतं. आमच्याकडं दारापाशी फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात, पावलापावलाच्या अंतरानं. पट्टी ओलांडायची, एवढंच मनात धरायचं. अडकलं की आधी थांबायचं, भार या पायावरून त्या पायावर न्यायचा, मग पाऊल. ओढू नका, आणि ‘चला चला’ तर नकोच.
चेहरा हलला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. स्नायूच आखडतात. मी हसतो तेव्हा बायकोला सांगावं लागतं की हसतोय.

आईचा मुलगा:
गोळी लेवोडोपाची, म्हणजे कंपवाताच्या नेहमीच्या औषधाची असेल तर दूध वेगळं करा. दूध-डाळीतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. आईला जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर देतो. वेळ घड्याळाची, आपल्या सोयीची नाही. पाय कधी अडकतात, गोळीनंतर किती वेळानं, हे वहीत टिपून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. डोस मनानं हलवू नका.
कवचबीजात लेवोडोपाच असतो. चालू गोळीवर ते म्हणजे न मोजता डोस वाढवणं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

कराडची काकू:
तीन आठवडे झाले. चूर्ण आणलंच नाही. डॉक्टरांना विचारून गोळी साडेसातला पाण्याबरोबर, नाश्ता सव्वाआठला. सकाळ बरी जाते, संध्याकाळी अजून अडकतात. पट्ट्या लावल्या, पहिल्याच दिवशी मोलकरणीनं एक उपटली.
खरी युक्ती नातवाची. आजोबा दारात अडकले की तो मागून ओरडतो, ‘टिंग टिंग!’ डबल बेल म्हणजे गाडी सोडा. आणि पाय उचलतो हो त्यांचा! दर वेळी नाही. काल मी पण दिली, तर मागं न बघताच म्हणाले, ‘सुट्टे पैसे काढून ठेवा.’