चॅटमध्ये सगळे 'आयाया' का टाकतात?

ऐरोली_लोकल
ठाण्यातला एक जण रात्री ट्विचवर (लाइव्ह गेम दाखवायची साइट) मराठीत गेन्शिन नावाचा गेम खेळतो, सेकंड शिफ्ट सुटली की ट्रान्स-हार्बरला बसून मोबाईलवर बघतो मी त्याला. काल त्याने विश (गेममधला लकी ड्रॉ) मारली, फाइव्ह-स्टार म्हणजे दुर्मिळ कॅरेक्टर आली आणि चॅटमध्ये धडाधड ए-वाय-ए-वाय-ए, ए-वाय-ए-वाय-ए, सगळं कॅपिटलमध्ये, मला वाटलं कुणाचा कीबोर्ड अडकला. विचारलं तर एकाने 'नॉर्मी' (यातलं काही न कळणारा) म्हणून हाकललं. हे खुश होतायत की कुणाची तरी खेचतायत? आणि मी टाकलं तर चालेल का?

कळव्याची_ओटाकू
इमोट आहे रे तो, चॅटमध्ये टाकायचं छोटं चित्र. मोबाईल अ‍ॅपवर आहेस म्हणून नुसती अक्षरं दिसतायत. ट्विचचा स्वतःचा नाहीये, बेटरटीटीव्ही, फ्रँकरफेसझी, सेव्हनटीव्ही असल्या एक्स्टेन्शनमधून येतो, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये त्यातलं योग्य ते टाकलं की त्या अक्षरांच्या जागी सोनेरी केसांची, तोंड उघडून खिदळणारी पोरगी दिसते.

ती 'किनइरो मोझाइक'मधली कारेन कुजो. युई हाराची चार चौकटींची मांगा (जपानी कॉमिक) आहे, अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) २०१३ ला आला, दुसरा सीझन २०१५ ला. कारेन अर्धी जपानी अर्धी ब्रिटिश, इंग्लंडहून जपानच्या शाळेत येते, आया नावाची मैत्रीण असते तिला 'आयाया' करून हाक मारते. झालं, तिथून आलं हे. कथानक विचारशील तर काहीही घडत नाही त्यात, पोरी शाळेत जातात, खातात, गप्पा मारतात, आणि तरीही मी दोन्ही सीझन सलग बघितलेत 😌

वापर सरळ आहे, स्क्रीनवर काही गोड, क्यूट, अ‍ॅनिमे टाइप आलं की टाकायचं. बाजूला टाळ्यांचा क्लॅप इमोट असेल तर जास्तच खुशी.

घोडबंदरला_अडकलोय
इतकं पण सरळ नाहीये ताई. तू म्हणतेस ते गेन्शिनवाल्या चॅटमध्ये. काउंटर-स्ट्राइक वगैरे खेळणाऱ्यांच्या चॅटमध्ये स्ट्रीमर (लाइव्ह खेळून दाखवणारा) चुकून बोलला की मी अमुक अ‍ॅनिमे बघतो, की अख्खं चॅट हाच इमोट टाकून त्याची सालटी काढतं, म्हणजे 'सापडला रे, हा पण वीब (अ‍ॅनिमेवेडा) निघाला'. त्यात अर्धे लोक स्वतःच वीब असतात ती गोष्ट वेगळी. मग दुसरी पार्टी 'वीब्सआउट' (वीबांनो, चालते व्हा) टाकते आणि दोघांची जुंपते. मला तर ती जुंपलेली बघायलाच मजा येते. तर आधी चॅनेलचा मूड बघ, इमोट तोच असतो.

ऐरोली_लोकल
ओके लॅपटॉपवर बेटरटीटीव्ही टाकलं, दिसली ती पोरगी 😂 पण मी टाइप केलं तर माझं अक्षरंच राहिलं.

वाशी_सेक्टर१७
स्मॉल लेटर टाकले असशील. पाचही कॅपिटल पाहिजेत, आणि मागे-पुढे स्पेस. शिवाय बेटरटीटीव्हीवर सहसा स्ट्रीमरने तो इमोट आपल्या चॅनेलला अ‍ॅड केलेला लागतो, नाहीतर कितीही टाइप कर, अक्षरंच. ब्राउझर नको असेल तर चॅटेरिनो घे, चॅटचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, त्यात पण हे इमोट दिसतात.

ऐरोली_लोकल
हो कॅप्स ऑफ होतं. एका वेळी किती टाकायचे पण? काल लोक ओळीच्या ओळी भरत होते.

उपवन_मॉड
दादूस, त्या चॅनेलचा मॉड (चॅट सांभाळणारा) मीच आहे. एका मेसेजला तीन-चार टाक, कोण काय बोलत नाय. फक्त स्ट्रीमर घरचं काही सीरियस सांगत असला की नको, तेव्हा टाकणाऱ्याला मी उडवतो. आणि तुला नॉर्मी म्हणणाऱ्याला कालच १० मिनिटांचा टाइमआउट दिलाय, त्याचा स्वतःचा डीपी कारेनचा आहे 🤦