कोडिंग इंटरव्ह्यूची तयारी गटात करावी की एकट्याने?

रात्रपाळी
गेले चार महिने आम्ही चौघं मिळून तयारी करतोय. आठवड्यातून तीनदा, दीड-दीड तास. त्याआधीचं वर्ष मी एकट्याने काढलं. तीनेकशे प्रश्न सोडवले, तरी पहिल्या दोन इंटरव्ह्यूंत तोंडातून शब्द फुटेना. कोड सुचायचा, पण "असंच का?" विचारलं की पाटी कोरी.

एक प्रसंग सांगतो. एलआरयू कॅशे (जागा भरली की सर्वांत जास्त वेळ न वापरलेली नोंद काढून टाकणारा साठा) मी एकट्याने सहा-सात वेळा लिहिला होता. हॅशमॅप ("की", म्हणजे नोंदीची ओळखखूण, दिली की नोंद लगेच शोधून देणारा तक्ता) आणि डबली लिंक्ड लिस्ट (पुढच्या-मागच्याशी जोडलेल्या नोडची, म्हणजे कप्प्यांची, साखळी), सगळं ओ(१) मध्ये, म्हणजे नोंदी कितीही असल्या तरी तेवढ्याच वेळात. गटात लिहून दाखवताना मैत्रिणीने अडवलं, "'की' मॅपमध्ये आहेच, मग नोडमध्ये परत कशाला ठेवलीस?" मी गप्प. दर वेळी ठेवत होतो, पण निव्वळ सवयीने. दोन मिनिटांनी उलगडलं. कॅशे भरला की शेवटचा नोड काढायचा, तेव्हा मॅपमधूनही त्याची नोंद पुसायची असते, आणि ती कुठली हे नोडलाच माहीत असायला हवं. हा प्रश्न मला मी कधीच विचारला नसता. म्हणून सांगतो, गट करा.

एकांडा शिलेदार
असहमत. तुमची मैत्रीण हुशार निघाली, हे तुमचं नशीब. आमच्या पाच जणांच्या गटात एक पटाईत होता, बाकीचे मान डोलावणारे. त्यांत मीही.

ॲरेमध्ये, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, सलग आकड्यांची बेरीज अमुक येते का, हा प्रश्न होता. तो म्हणाला, "स्लायडिंग विंडो." म्हणजे सलग आकड्यांची चौकट सरकवत न्यायची: बेरीज कमी पडली की पुढचा आकडा घ्यायचा, जास्त झाली की मागचा काढायचा. सगळे म्हणाले, "हो, बरोबर." घरी गेल्यावर सहज ऋण आकडे घालून बघितले. ॲरे ५, -२ आणि हवी असलेली बेरीज ३. विंडोत ५ आला, ३ पेक्षा मोठा म्हणून बाहेर काढला, मग -२ एकटाच उरला. उत्तर समोर असून सापडलं नाही. तिथे प्रीफिक्स सम (सुरुवातीपासूनच्या चालू बेरजा) आणि हॅशमॅप लागतो. पाच डोकी एकत्र बसली होती, पण तपासलं एकानेही नाही!

रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ मध्ये दोर ओढण्याच्या प्रयोगांवर लिहिलं होतं: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. गटातल्या अभ्यासाचंही तेच होतं. दुसऱ्याने सोडवलेलं आपल्याला आलंय असं वाटतं, आणि हे वाटणंच घातक आहे. ऐन इंटरव्ह्यूत शेजारी कोणी बसलेलं नसतं.

रात्रपाळी
मान डोलावणं हा तुमच्या गटाचा दोष झाला. आमच्याकडे एक जण विचारतो, एक जण सोडवतो, उरलेले दोघं ४५ मिनिटं तोंड उघडत नाहीत. साधा कोरा डॉक, रन बटण नाही. सोडवणाऱ्याने आधी उदाहरणं स्वतः मांडायची आणि ती हाताने चालवून दाखवायची. तुमचं ५, -२ तिथेच पकडलं गेलं असतं.

आणि प्रयोगांचंच म्हणाल तर २००६ चा रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा बघा. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. आठवड्याने मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. एकटा माणूस अडला की पाच मिनिटांत उत्तर उघडून वाचतो. मी वर्षभर तेच केलं.

पुनरागमन
दोन वर्षांच्या खंडानंतर तयारीला लागले आहे. गट नसता तर मी आठवड्याभरात सोडून दिलं असतं, एवढं खरं. पण मैत्री झाली की कोणी खरं बोलत नाही, हेही अनुभवलं. माझा बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या आकड्यांत दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणारा कोड) दोन आकड्यांच्या ॲरेवर अनंत लूपमध्ये जात होता. कारण एका ठिकाणी "लो = मिड" (शोधाची खालची हद्द = मधली जागा) लिहिलं होतं, "मिड + १" नाही. दोघींच्या ते लक्षात आलं होतं. तरी "छान जमलंय" म्हणाल्या, मला वाईट वाटू नये म्हणून. पुढे इंटरव्ह्यूत तीच चूक केली तेव्हा समजलं. त्या दिवसापासून दर आठवड्याला एक मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, अनोळखी माणसासोबत करते.

एकांडा शिलेदार
ताई, हेच तर म्हणतोय मी. आणि रात्रपाळी, उत्तर उघडून वाचणं ही शिस्तीची गोष्ट आहे. मी घड्याळ लावतो, ४० मिनिटं उत्तराला हात लावत नाही. सोडवताना मोठ्याने बोलतो, रेकॉर्ड करतो, दुसऱ्या दिवशी ऐकतो. कुठे अडखळलो ते स्वच्छ कळतं. त्यासाठी चौघांच्या वेळा जुळवत बसायला नको.

रात्रपाळी
अडखळलात ते रेकॉर्डिंगमध्ये कळेल, मान्य. पण जिथे न अडखळता, पूर्ण खात्रीने चुकीचं बोललात, ते ऐकून तुम्हाला कसं कळणार?

एकांडा शिलेदार
त्यासाठी टेस्ट केसेस (कोड तपासायची तयार उदाहरणं) आहेत.

रात्रपाळी
टेस्ट केस कोड चुकला हे सांगते, "'की' नोडमध्ये कशाला?" असं विचारत नाही. माझा एलआरयू सगळ्या टेस्टमध्ये पास होत होता.