सात जणांच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलावेत का? सल्ला हवा

रानवाट:
पंधरवड्यापासून गाडी हळू चालली की पुढच्या चाकांतून बारीक किरकिर येते, ब्रेक दाबला की थांबते. स्टेपनी बदलण्यापलीकडे मी पाना धरलेला नाही, पण शिकायची मनापासून इच्छा आहे. गाडीत आई आणि दोन्ही मुलं असतात, म्हणून आधी विचारतो. घरी जमेल का? पॅड कोणते घ्यावेत?

जुना पाना:
पुढचे जमतील. ती किरकिर बहुधा पॅडवरच्या पत्र्याच्या पट्टीची असेल. पॅड झिजत आला की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, घासून आवाज करते, त्यासाठीच बसवलेली असते. नव्या पॅडचा थर साधारण 10 ते 12 मिमी असतो, 3 मिमीवर आला की बदलायचा. पण आधी चाक काढून आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा. बाहेरचा एकटा बघून पुष्कळ जण फसतात.

पॅड गाडीच्या मॉडेलला आणि सालाला जुळणारेच घ्या. भरल्या गाडीचं वजन मोठं असतं, तेव्हा स्वस्तातले अनोळखी पॅड नकोत. आणि बदलायचे ते डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो.

मेघना_गॅरेज:
दादा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीजवळ काम करू नका. सपाट पक्की जमीन, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक, आणि जॅकशेजारी गाडीचं वजन पेलणारा स्टँड हवाच. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. ब्रेकची धूळ फुंकू किंवा हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनर मारून पुसा.

मागच्या चाकांना सध्या हात लावू नका. बटणाचा हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत आधी तो सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी ब्रेक मोकळा ठेवायची सोय) टाकावा लागतो, आणि काही गाड्यांत पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, दाबून नाही, फिरवून आत जातो. जबरदस्तीने दाबला तर कॅलिपरच, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा अख्खा भागच, जायचा.

रानवाट:
ताई, दादा, आज चाकं काढून पाहिली. डावीकडे दोन्ही पॅड सारखेच, 4 मिमीच्या आसपास. उजवीकडे बाहेरचा 6, आतला जेमतेम 2! असं का?

जुना पाना:
बरं झालं पाहिलंत. उजव्या कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या असाव्यात. कॅलिपर सरकला नाही की पिस्टनकडचा आतला पॅडच सगळा भार घेतो. नुसते पॅड बदललेत तर नवा आतलाही असाच लवकर संपेल. पिना काढून स्वच्छ पुसा, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पिन बोटाने सहज सरकली पाहिजे. रबर फाटलेलं असेल तर तेही बदला.

काढलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून बघा.

पिस्टन दाबताना जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायचा शिकंजा) सावकाश दाबा. ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष असू द्या, पातळी वर येते. ऑइल रंगावर सांडलं तर रंग खाऊन टाकतं, लगेच पाण्याने धुवा.

पिना मोकळ्या करूनही फरक पडला नाही, किंवा पिस्टनच परत जात नसेल, तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

मेघना_गॅरेज:
कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानेच आवळा. मग गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले काही दाब पोकळच जातात. हे विसरलं की गाडी सुटते आणि ब्रेक लागतच नाही.

नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावा. मध्ये गाडी चालवत डिस्क थंड होऊ द्या.

रानवाट:
झालं! उजवीकडची खालची पिन गंजून पार धरली होती, सोडवायलाच तासभर गेला. आता दोन्ही पिना बोटाने सरकतात. पेडल कडक आहे, किरकिर नाही, गाडी सरळ थांबते. हजार किलोमीटरनंतर उजवं चाक पुन्हा काढून दोन्ही पॅड मोजतो आणि इथे आकडे लिहितो.