चिनूच्या डोळ्यात कोणी ड्रॉप टाकले?

बी-३०२ (चिनूची आई): कोणालाही दुखवायचं नाही, पण काल खाली खेळताना चिनूच्या डोळ्यात कोणी औषध टाकलं? डोळे आलेले होतेच, आता उजवी बाहुली डावीच्या दुप्पट झालीय. उजेड सहन होत नाही, पुस्तक धूसर दिसतंय.

ए-२०४: टाकी धुतली का? सहा महिने झाले.

ए-१०१ (माई): मी टाकले. अण्णांचे डोळ्याच्या सुजेवरचे होते, महागाचे. लेकरू डोळे चोळत होतं म्हणून टाकले. विष नाही घातलं.

सी-४०१ (नाना): आमना येळे डोया उनात ते माय दूध टाके. बठ्ठं बरं व्हई जाये.

बी-१०३: नाना, आता गुलाबपाणी सांगा, मग पूर्ण 😄

बी-२०१ (मेडिकलवाले भाऊ): थट्टा नंतर करा. माई, बाटलीवरचं नाव वाचा ना.

ए-१०१ (माई): होमॅट्रोपिन. दिवाळीत फोडली होती.

बी-२०१: मग बाहुली मोठी होणारच, ते औषधच त्यासाठी आहे. एक ते तीन दिवसांत उतरतं. पण नुसते डोळे आल्याने बाहुली बदलत नाही, म्हणून चिनूला आजच डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा, बाटली सोबत न्या. चेहरा लालबुंद, ताप, तोंड कोरडं, असंबद्ध बोलणं, उलट्या, यातलं काही दिसलं तर थेट इमर्जन्सीत. आणि फोडलेली बाटली महिनाभरानंतर फेकायची असते हो!

ए-२०४: पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, टाकीत शेवाळ साचतंय. डोळे तिथूनच येतात.

सेक्रेटरी: भाऊ, टाकीचा विषय मीटिंगमध्ये घेऊ म्हटलं ना!

बी-२०१: साथ हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने पसरते. २०२३ च्या पावसाळ्यात पाहिलंच ना आपण.

सी-१०२: आमच्या पोरीची लाली एका ड्रॉपने दोन दिवसांत गेली. नाव टाकू?

बी-२०१: नका टाकू ताई. त्यात स्टेरॉइड असेल. लाली जाते, पण मुलांच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि बाहेरून कळतही नाही.

सी-३०३: आमच्याकडे मलमाने पापण्याच सुजल्या होत्या. आम्हाला वाटलं, संसर्ग वाढला, म्हणून अजून चोपडलं.

बी-२०१: निओमायसिन असेल त्यात. काहींना त्याची ॲलर्जी येते. खाज आणि सूज औषधानंतर वाढली तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करा.

ए-२०४: टाकी???

सेक्रेटरी: 🙏

बी-३०२: देवपूरला दाखवून आलो. दाब ठीक आहे, थेंबांचाच परिणाम म्हणाले. बाहुली उतरेपर्यंत उन्हात टोपी-गॉगल. उद्या शाळेत नाही पाठवत. माई, राग नाही, पण पुढच्या वेळी आधी विचारा.

ए-१०१ (माई): विचारेन. भरीत केलंय, चिनूला पाठवते. डबा परत करा, मागचाही तुमच्याकडेच आहे.