एबल टास्मनला मुलांना घेऊन एक रात्र हटमध्ये, कसं जमवायचं?

सई_वेलिंग्टन
नमस्कार मंडळी. मुलगा ९, मुलगी ६. एप्रिलच्या सुट्टीत इथे न्यूझीलंडमधल्या एबल टास्मन कोस्ट ट्रॅकवर (समुद्रकाठची पायवाट) एक रात्र हटमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरात, राहायचं असं ठरलंय, म्हणजे मुलांनीच ठरवलंय, मुलाच्या वर्गातलं कोणीतरी जाऊन आलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. अख्खे ६० किमी करायचे नाहीयेत हे उघड आहे. नवऱ्याचं म्हणणं, ट्रॅक जिथून सुरू होतो त्या माराहाऊ गावापासून चालत अँकरेज हट गाठायची, १२.४ किमी, आणि दुसऱ्या दिवशी तस्संच परत. आमची धाकटी सुपरमार्केटमध्ये दूध घ्यायच्या आत "आई पाय दुखले" म्हणते त्यामुळे मला काही हे पटत नाहीये. हटमध्ये नक्की काय काय असतं? स्वयंपाकाचं काय? आणि अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत झोपायचं तर रात्री हिने भोकाड पसरलं की काय करायचं? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

नेल्सनकर
जाऊन आलेले काय, आम्ही इथलेच :) तुमच्या मिस्टरांचा प्लॅन मोठ्यांसाठी ठीक आहे, रस्ता चांगला रुंद आहे, चढ फार नाही. पण सहा वर्षांच्या मुलीला लागोपाठ दोन दिवस बारा बारा किमी म्हणजे दुसऱ्या दिवशी ती तुमच्या खांद्यावर आणि तिची सॅक दादाच्या.

त्यापेक्षा वॉटर टॅक्सी घ्या. माराहाऊ किंवा काईतेरितेरीहून निघतात. माराहाऊची घेतलीत तर मुलांची निम्मी ट्रिप तिथेच वसूल, कारण गावातच बोटीत चढून बसायचं आणि ट्रॅक्टर ती बोट माणसांसकट ओढत रस्त्यावरून पाण्यापर्यंत नेतो. लाइफ जॅकेट घालून, बोटीत बसून, बाजूने चाललेल्या गाड्यांना टाटा करायचा.

अँकरेजच्या पुढच्या बार्क बेला उतरा आणि उलटं अँकरेजकडे चालत या. ओहोटीच्या वाटेने ८.४ किमी. मध्ये फॉल्स रिव्हरचा झुलता पूल आहे ४७ मीटरचा, तो येईपर्यंत "पूल कधी, पूल कधी" करत पोरं आपोआप चालतात. मग टॉरंट बे, तिथे लोकांची सुट्टीची घरं आहेत, आणि तिथून खाडी पार केली की अँकरेज. रात्री मुक्काम, सकाळी समुद्रात डुंबायचं आणि दुपारची वॉटर टॅक्सी धरून परत. दुसऱ्या दिवशी चालायचं कंपल्शन नाही हे मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचं.

मालवणचो_झील
वरचा प्लॅन झकास पण एक गोष्ट सगळ्यात आधी. आधी ओहोटीची वेळ बघा, मग हटचं बुकिंग, मग टॅक्सी. लोक नेमकं उलटं करतात आणि मग खाडीच्या काठावर बसून राहतात.

टॉरंट बेची खाडी ओहोटीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास एवढ्यातच पार करायची. इथे समुद्र चार मीटरच्या आसपास वरखाली होतो, आपल्या मालवणपेक्षा जास्त, त्यामुळे सकाळी जिथे वाळूत खेकडे बघितले तिथे दुपारी बोट फिरते. वेळ चुकली तर खाडीला वळसा घालून जाणारी भरतीची वाट आहे, ती कधीही चालते, पण ८.४ चे साडेअकरा किमी होतात आणि ते तीन किमी नेमके पोरं दमल्यावर येतात. एप्रिलच्या मध्यावर सहाच्या सुमारास अंधार पडतो हेही धरा. म्हणजे ओहोटी दुपारी दोन-तीनला असेल असा दिवस हवा. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा एक दिवस जमत नसला तर दोन दिवस मागे-पुढे करून बघा, सुट्टी दोन आठवड्यांची आहे. डॉकच्या (इथलं सरकारी निसर्ग संवर्धन खातं, हट त्यांच्याच) साइटवर भरती-ओहोटीचं टेबल मिळतं.

आणि कोणी "ट्रॅकवर पुढे आवारोआला जा, तिथला बीच भारी" म्हणालं तर मान डोलवा आणि जाऊ नका. बीच खरंच भारी आहे, २०१६ मध्ये लोकांनी वर्गणी काढून विकत घेतला आणि पार्कला देऊन टाकला तोच. पण आवारोआची खाडी ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास एवढीच उघडी, आणि तिथे वळशाची वाटच नाही. मोठ्याच्या गुडघ्याएवढं पाणी म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या कुठे येईल ते बघा.

भटकंती_ऑकलंड
हटचं सांगते. बंक (एकावर एक पलंग) आणि गादी मिळते, पांघरूण नाही, स्लीपिंग बॅग स्वतःची. नळाचं पाणी आहे, फ्लशचं टॉयलेट आहे (हे मुलांना आधी सांगा, अर्धी भीती तिथेच जाते), सोलरचे दिवे आहेत. पण शेगडी नाही!! डॉकच्या बाकी कितीतरी ग्रेट वॉकच्या (नावाजलेल्या मोठ्या ट्रॅकच्या) हटमध्ये सीझनला गॅस असतो म्हणून लोक गृहीत धरून येतात आणि मग इथे कोरड्या नूडल्स चावत बसतात. शेगडी, गॅसचं नळकांडं, पातेलं, काडेपेटी सगळं आपलं. विमानाने येणारे असाल तर गॅस विमानात चालत नाही, नेल्सन किंवा मोटुएकाला घ्या.

रात्रीच्या रडारडीचं टेन्शन नका घेऊ. अँकरेजला ३४ बंक आहेत पण सगळे एकाच हॉलमध्ये नाहीत, वेगवेगळ्या बंकरूम आहेत. लवकर पोचलात तर कोपऱ्यातले खालचे बंक धरा, मुलगी भिंतीकडे, तुम्ही बाहेरच्या बाजूला. खरा त्रास मुलांचा नसतो, घोरणाऱ्या काकांचा असतो, सो इअरप्लग चौघांना. आणि प्लास्टिकच्या पिशव्या रात्री उघडू नका, त्या कुरकुर आवाजाने अख्खी खोली जागी होते, सकाळचं सामान रात्रीच वरती काढून ठेवायचं.

बुकिंग मुलांच्या नावाचं पण लागतं, कडेवरचं बाळ असलं तरी. आणि इथे बारा महिने बुकिंग लागतं, एप्रिल म्हणजे ऑफ सीझन असं समजू नका. फुल दिसलं तरी रोज बघत राहा, कॅन्सलेशन येतात.

नेल्सनकर
सँडफ्लायचं, म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्यांचं, राहिलं. डासांपेक्षा वाईट. थांबलं की चावतात, चालताना फारसा त्रास नाही, अंधार पडला की गायब. पायमोजे आणि पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे, घोट्याला औषध चोपडायचं. आणि वेका! कोंबडीएवढा पक्षी, उडता येत नाही पण चोरीत एक नंबर. खाऊची पिशवी बाकावर ठेवून फोटो काढायला वळलात की झुडपात पसार. मुलांना त्याची मजा वाटते पण खायला घालू देऊ नका.

कचरापेट्या कुठेही नाहीत, सगळा कचरा परत आणायचा. फोनला रेंज धरून चालू नका.

सई_वेलिंग्टन
अरे देवा केवढी माहिती, खूप खूप आभार सगळ्यांचे. नवऱ्याला वाचून दाखवलं, ट्रॅक्टरवर तो मुलांपेक्षा जास्त खूष आहे त्यामुळे बारा किमीचा विषय संपला. आता टेबल उघडून बसलेय, सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस असे दिसतायत की ओहोटी दुपारी आहे. दोन प्रश्न अजून. १) जेवायला काय न्यायचं, आम्ही शाकाहारी, वजन कमी हवं. २) त्या दिवशी पाऊस असला तर?

भटकंती_ऑकलंड
१) रात्री मेतकूट भात. तांदूळ, सुट्या डबीत मेतकूट, तूप छोट्या बाटलीत. एकच पातेलं, घासायला सोपं, आणि शेजारचे लोक वास घेऊन चौकशी करतात. सकाळी घरी भाजून नेलेला उपम्याचा रवा, मोहरी-कढीपत्ता-मिरची त्यातच घालून, फक्त उकळतं पाणी ओतून झाकायचं. वाटेत दशम्या आणि दाण्याचे लाडू. प्रत्येक मुलाच्या खिशात त्याचा स्वतःचा खाऊ द्या, कधी संपवायचा ते त्याचं त्याने ठरवायचं, म्हणजे दर पाच मिनिटांनी "आई खाऊ" बंद.

मालवणचो_झील
२) भुरभुर असेल तर बिनधास्त चाला, झाडीतली वाट आहे, चांगला रेनकोट आणि सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी एवढं पुरे. जोराचा पाऊस किंवा वारा असेल तर आदल्या दिवशी टॅक्सीवाल्यांना फोन करा, बार्क बेच्या ऐवजी सरळ अँकरेजलाच उतरवा म्हणायचं. सॅक हटमध्ये टाका, उघडीप मिळाली की टेकाडापलीकडे 'ते पुकाटेआ' नावाचा बीच आहे, मुलांच्या चालीने सुद्धा जमेल. क्लिओपात्राज पूल (हा नदीतला डोह, ब्रिज नव्हे) पण तिथून तासाभरावर आहे, खडकावरून घसरगुंडी आहे, पण पावसानंतर पाणी चढलेलं असेल तर तिकडे नको. हवामानाची वॉर्निंगच लागली असेल तर सरळ कॅन्सल करा, पोरं दोन दिवस तोंड पाडतील तेवढंच.