मदत हवी आहे : नागपुरी बोलीतले रॅप गाणे खाजगी एफएमवर लागावे म्हणून नेमके काय करावे लागते?

नमस्कार.

मी उत्तर नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझे तीन माजी विद्यार्थी गेली चार वर्षे रॅप करतात. एक जण लिहितो आणि म्हणतो, दुसरा त्याला साथ देतो आणि तिसरा ध्वनिमुद्रण व मिक्सिंग सांभाळतो. त्यांच्या एका गाण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. हकीकत थोडी लांब आहे, पण अर्धवट सांगितली तर उत्तरेही अर्धवट मिळतील, म्हणून सविस्तर लिहिते.

गाणे ठिय्यावरचे आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, की गवंडी, रंगारी आणि बिगारी मजूर सकाळी कामाच्या आशेने ज्या चौकात उभे राहतात, त्याला आमच्याकडे ठिय्या म्हणतात. गाणे लिहिणाऱ्या मुलाचे वडील वीसेक वर्षांपासून अशाच एका ठिय्यावर उभे राहत आले आहेत. "साताले ठिय्यावर उभा माहा बाप, त्याचा भाव कोन ठरवून राह्यला?" अशी त्याची ध्रुवपदाची ओळ आहे. मी तीस वर्षे कविता शिकवते आहे, आणि ही ओळ मी कोणत्याही वर्गात निःसंकोचपणे शिकवीन.

गाणे यूट्यूबवर आहेच, मग रेडिओचा आग्रह कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. बांधकामावर माणसांचे हात सिमेंटने भरलेले असतात, त्यामुळे तिथे कोणी गाणे शोधून लावत नाही. विटांच्या थप्पीवर एखादा मोबाइल ठेवलेला असतो आणि त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एफएम चालू असते. हे गाणे ज्यांच्याविषयी आहे, ती माणसे रेडिओ ऐकतात. वडिलांना मुलाने गाणे घरी ऐकवले आहे. ते कामावर, सोबतच्या चार माणसांत, आपोआप कानावर पडावे, एवढीच त्याची इच्छा आहे आणि ती मला अगदी रास्त वाटते.

आतापर्यंत आम्ही तीन ठिकाणी प्रयत्न केला. पहिल्या केंद्राच्या स्वागतकक्षात पेनड्राइव्ह ठेवून घेतला गेला आणि पुढे काहीच कळले नाही. दुसऱ्या ठिकाणी एका निवेदकाने गाणे पूर्ण ऐकले, मनापासून कौतुक केले आणि सांगितले, की गाण्यांची यादी आपण ठरवत नाही, ती वरून येते. आपल्या हातात असते ते दोन गाण्यांमधले बोलणे. त्याने मुलांची छोटी मुलाखत मात्र घेतली आणि तीत गाण्याचा वीसेक सेकंदांचा तुकडा वाजवला. तिसऱ्या ठिकाणाहून दोन महिन्यांनी उत्तर आले, की गाणे चांगले आहे पण "आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही", आणि सोबत प्रश्न आला, की लेबल, म्हणजे गाणे प्रसिद्ध करणारी संगीत-कंपनी, कोणते आहे. लेबल नाही. गाणे मुलांनी स्वतःच प्रसिद्ध केले आहे.

बोलीमुळे श्रोते दुरावतात हे मला पटत नाही. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच वऱ्हाडीत रॅप करतो आणि २०२३ मध्ये एमटीव्हीच्या 'हसल' कार्यक्रमातून तो देशभर ऐकला गेला. रॅपमुळेच श्रोते दुरावतात, हेही खरे नसावे. मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांचे 'मेरे गली में' २०१५ मध्ये आले. २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटात तेच गाणे नव्याने घेतले गेले, आणि मी स्वतः ते एफएमवर प्रथम ऐकले ते चित्रपट आल्यानंतर. गाणे तेच, बोली तीच. चित्रपटाचे नाव जोडले गेल्यावर असे काय बदलले, हा माझा मूळ प्रश्न आहे.

त्याच्या पोटात आणखी प्रश्न आहेत. नागपूरच्या केंद्रावर नागपूरचे गाणे वाजवण्याचा निर्णय नागपुरात होतो का, आणि होत नसेल तर कोणाला लिहावे? लेबल नसताना गाणे वाजवण्यास कायद्याची अडचण आहे का? गाण्यात शिवी नाही, पण एका कडव्यात एका राजकीय पक्षाचे नाव घेऊन टीका आहे. तेवढ्यामुळे नकार येत असेल का? आकाशवाणीचा मार्ग या मुलांसाठी खुला आहे का? ज्यांनी रेडिओत प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद – यादीवाला

मॅडम, मी एका खाजगी वाहिनीच्या संगीत विभागात सहा वर्षे काम केले आहे. त्या निवेदकाने तुम्हाला खरे सांगितले. बहुतेक साखळी-वाहिन्यांत गाण्यांची निवड मध्यवर्ती संगीत विभाग करतो. कोणते गाणे कोणत्या तासाला, दिवसातून किती वेळा, हे सॉफ्टवेअरमध्ये भरले जाते आणि स्टुडिओतल्या पडद्यावर यादी तयारच येते. ती बदलण्याची मुभा शहरातल्या माणसाला फार थोडी असते.

यादीत गाणे येते कसे, हे समजून घेतले तर तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर सापडेल. आम्ही श्रोत्यांना फोनवर गाण्याचा सात ते दहा सेकंदांचा तुकडा ऐकवत असू आणि विचारत असू, की हे ओळखता का, आवडते का, ऐकून कंटाळा आला आहे का. पहिला प्रश्न ओळखीचा असतो. ज्या गाण्याची ओळख नाही, ते आवडीच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. चित्रपटाच्या गाण्याला ही ओळख निर्माता विकत घेऊन देतो; झलक, फलक आणि दूरचित्रवाणी यांवर तो आधीच खर्च करतो आणि त्या जाहिरातींतला काही भाग रेडिओलाही मिळतो. 'मेरे गली में'च्या बाबतीत बदलले ते हेच. शिवाय दहा सेकंदांत चाल कळते, रॅप कळत नाही. रॅपचे बळ तिसऱ्या-चौथ्या ओळीला साठत जाते, आणि तिथवर आमची चाचणी कधी गेलीच नाही.

दुसरे कारण पैशाचे. एफएमची वारंवारिता लिलावात घ्यावी लागते आणि सरकारच्या एफएम धोरणाच्या तिसऱ्या टप्प्यानुसार त्यानंतर दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या चार टक्के शुल्कही द्यावे लागते, किंवा लिलावावर आधारलेली किमान रक्कम जास्त असेल तर ती. स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी खाजगी एफएमला नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे देता येतात. म्हणजे श्रोता धरून ठेवायला हातात जवळजवळ फक्त गाणी उरतात, आणि अनोळखी गाणे लागले की श्रोता बटण फिरवतो ही भीती कायम असते. त्यातही 'रॅम' ही श्रोतृमापन पद्धत २००७ मध्ये सुरू झाली आणि दिल्ली, मुंबई, बेंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरतीच राहिली. नागपूरचा श्रोता त्या मोजणीत नव्हता, आणि जो मोजला जात नाही त्याच्या आवडीसाठी यादी कोण बदलणार? मला याचे तेव्हाही वाईट वाटत असे.

उपाय म्हणून इतकेच सांगतो, की पेनड्राइव्ह स्वागतकक्षात ठेवू नका. शहराच्या कार्यक्रमप्रमुखाच्या नावाने पत्र द्या आणि सोबत संपूर्ण गाणे, तीन मिनिटांच्या आतली रेडिओ-आवृत्ती आणि ध्रुवपद पहिल्या वीस सेकंदांत येईल अशी मांडणी द्या. स्थानिक कार्यक्रमात विशेष गाणे म्हणून ते लावण्याची विनंती करा. नियमित यादी वरून येत असली, तरी असा एखादा कोपरा शहराच्या हातात असू शकतो.

प्रतिसाद – वकील धंतोली

लेबल नसणे हा कायद्यातला अडथळा नाही. लेखी करार वेगळे काही सांगत नसेल, तर शब्दांचे हक्क लिहिणाऱ्याचे असतात, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन ते केले त्याचे असतात. मानधनाचाही बाऊ नको. कॉपीराइट मंडळाने २५ ऑगस्ट २०१० च्या आदेशाने एफएम केंद्रांनी संगीत-मालकांना निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या दोन टक्के रक्कम द्यावी असे ठरवले होते. तो आदेश सप्टेंबर २०२० पर्यंतचा होता आणि पुढे दर नव्याने ठरले. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-ड प्रसारकाला पूर्वसूचना आणि ठरलेला मोबदला देऊन प्रसिद्ध झालेले गाणे वाजवण्याची मुभा देते. "लेबल कोणते" या प्रश्नाचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की उद्या तक्रार आली तर कोणाकडे बोट दाखवायचे.

खरा प्रश्न मी विचारतो. बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारे संगीत, कोणाचे आहे? या वयाची बहुतेक मुले इंटरनेटवरून भाड्याने बीट घेतात. स्वस्त भाडेकरारात बहुधा ठरावीक संख्येपर्यंत ऑनलाइन वापराची परवानगी असते आणि रेडिओ प्रसारण एक तर वगळलेले असते किंवा त्यावर मर्यादा असते. तसे असेल तर केंद्राने गाणे नाकारणे योग्यच ठरते. करार शोधून वाचा. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. व्हॉट्सॲपवर "वापर भावा" असे लिहून आलेले पुरेसे धरू नका. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा संकेतही घ्या.

पक्षाच्या नावाबद्दल : खाजगी एफएमलाही आकाशवाणीची कार्यक्रम-संहिता बंधनकारक आहे आणि तीत कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका करण्यास मनाई आहे. ते कडवे आहे तसे प्रसारित होणार नाही.

प्रतिसाद – हंगामी निवेदक

मी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर बरीच वर्षे हंगामी निवेदक होतो. हे केंद्र १९४८ चे आहे आणि वऱ्हाडी बोलीला तिथे कधीच परकेपणा नव्हता. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आम्ही याच बोलीत करत होतो. अडचण वर्गवारीची आहे. गायकाला आवाजचाचणी द्यावी लागते आणि ती शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत अशा प्रकारांत होते. रॅप म्हणणारा मुलगा सुगम संगीताच्या परीक्षकांसमोर उभा राहिला तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. त्यामुळे गायक म्हणून अर्ज करू नका. तरुणांसाठीच्या कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना भेटा आणि ठिय्यावरच्या कवितांचे वाचन व त्यावर चर्चा असा प्रस्ताव द्या. ताल त्यात येऊ शकतो.

एक जुनी गोष्ट मुलांना जरूर सांगा. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना चित्रपटगीतेच आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली होती. श्रोते श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे गेले, तिथले निवेदक अमीन सयानी घराघरांत पोचले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. आज जे संगीत रेडिओचे मालक वाटते, तेही एकदा दाराबाहेर उभे होते.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी तिन्ही मुलांना बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

वकीलसाहेबांची शंका खरी ठरली. बीट भाड्याचे आहे आणि करारात रेडिओ प्रसारण स्पष्टपणे वगळलेले आहे. ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या तिसऱ्याने तो करार पैसे भरताना फक्त खाली सरकवून मान्य केला होता. मालकाला लिहिल्यावर त्याने पूर्ण हक्कांसाठी जी रक्कम सांगितली, ती या मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे. वर्षभर आम्ही केंद्रांना दोष देत होतो आणि गाणे वाजवण्याचा अधिकार आमच्याकडेच नव्हता, याचे मला फार वाईट वाटले. मी शिक्षिका असून कागद मागून पाहिला नाही. तरी यादीविषयी जे कळले, त्याने माझी तक्रार मिटलेली नाही. ज्या शहरात केंद्र आहे, त्या शहराची भाषा केंद्राच्या यादीत यायला परक्या शहराची संमती लागावी, हे मला अजूनही चुकीचे वाटते आणि कार्यक्रमप्रमुखांना देण्याच्या पत्रात मी ते सौम्य शब्दांत लिहिणार आहे.

पक्षाचे नाव रेडिओ-आवृत्तीतून काढायला लिहिणारा मुलगा तयार नव्हता. आम्ही तासभर बोललो. शेवटी त्याने ते कडवे बदलले नाही, रेडिओ-आवृत्तीतून पूर्ण वगळले. त्यामुळे गाणे आपोआप दोन मिनिटे पन्नास सेकंदांचे झाले आहे. मूळ गाणे यूट्यूबवर जसेच्या तसे राहील. मला त्याचा हा निर्णय योग्य वाटतो.

बीट आता नव्याने करायचे ठरले आहे. लिहिणाऱ्याच्या वडिलांच्या सोबत काम करणारे एक गवंडी लग्नांत डफडे वाजवतात आणि ते रविवारी यायला तयार आहेत. त्यांच्याशी मानधन आणि हक्कांचा साधा मराठी करार करायचा आहे, जो त्यांना वाचून समजेल आणि ज्यात पुढे उत्पन्न आले तर त्यांचाही वाटा राहील. वकीलसाहेब, अशा कराराचा मसुदा किंवा निदान त्यात कोणती वाक्ये असलीच पाहिजेत, हे शनिवारपर्यंत सांगू शकाल का? आणि बंद खोलीत डफड्याचे ध्वनिमुद्रण केलेले कोणी येथे असेल, तर माइक किती अंतरावर ठेवावा हेही कृपया लिहावे. तिसऱ्याकडे एकच माइक आहे आणि खोलीचे छत टिनाचे आहे.