शब्दचर्चा : ‘लाइन’ला मराठीत काय म्हणायचं?

दहावीतल्या पुतणीने विचारलं, “काका, ‘लाइन’चा मराठी अर्थ एकच लिहायचा झाला तर काय लिहू? रेषा, ओळ, की रांग?” तिच्या शब्दकोशात या एका शब्दापुढे पानभर अर्थ होते. दोरी, सुरकुती, घराणं, धंदा, नाटकातलं वाक्य, आगबोटींची कंपनी, कोटाला अस्तर लावणं, सगळं एकाच शब्दाखाली. पाठ करायला घेतलं तर कुणाचंही डोकं भणभणेल.

माझं म्हणणं असं की एक शब्द लिहूच नये. पण पाठांतरही करू नये. हे सगळे अर्थ एका ताणलेल्या दोऱ्यातून निघाले आहेत आणि तो दोरा डोळ्यासमोर ठेवला की कोणता अर्थ कुठून आला ते आपोआप कळायला लागतं.

लॅटिनमध्ये जवसाला, म्हणजे अळशीच्या झाडाला, ‘लिनुम’ म्हणत. त्याच्या खोडाच्या तंतूंपासून सूत काढत, त्या सुताचा दोरा तो ‘लिनेआ’. हा शब्द इंग्रजीत फार जुन्या काळीच आला, पुढे फ्रेंचमधून पुन्हा आला आणि ‘लाइन’ झाला. लिनन कापड त्याच कुळातलं. क्रिकेटच्या बॅटला आपण अळशीचं तेल लावतो त्याला इंग्रजीत लिनसीड म्हणतात, त्यातला ‘लिन’ हाच. फरशीवर अंथरायचं लिनोलियमसुद्धा याच तेलाचं.

म्हणजे मूळ अर्थ दोरा. आणि तो अर्थ मेलेला नाही, आपल्या किनाऱ्यावर तर रोज दिसतो. जेटीवर गरवत बसलेल्या माणसाच्या हातात जो तंगूस, म्हणजे मासे धरायचा दोरा, असतो, ती इंग्रजीतली लाइन. टोकाला गरी, म्हणजे गळ, मध्ये ओझ्याला शिसं. ‘गरी, दोरी आणि शिसं सगळंच गिळलं’ असं इंग्रजीत म्हणतात तेव्हा एखाद्याने थाप जराही शंका न घेता खरी मानली, असा अर्थ असतो. कोकणातल्या माणसाला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागू नये, कारण अधाशी मासा गरी किती खोल गिळतो आणि मग ती काढताना काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

इंग्रज खलाशी एक भेद करतो तोही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गुंडाळीत पडलेला असेपर्यंत तो ‘रोप’. कापून एखाद्या कामाला लावला की ‘लाइन’. बोट धक्क्याला बांधायची ती लाइन, पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकायची ती लाइफलाइन. आपल्या वर्तमानपत्रांनी लाइफलाइनला ‘जीवनवाहिनी’ केलं. शब्द चांगला रुळला, पण चित्र बदललं. इंग्रजीत दोरी होती, आपण नदी केली. वीजवाहिनी, रक्तवाहिनी, दूरचित्रवाणीची वाहिनी या शब्दांतही आपल्याला काहीतरी वाहतं आहे असंच दिसतं. मला यात काही वावगं वाटत नाही. भाषांतर असंच व्हावं.

आता दोरा ताणला की काय होतं? सरळपणा दिसतो. जांभ्या चिऱ्याचं बांधकाम पाहिलं असेल तर आठवा. गवंडी दोन कोपऱ्यांचे चिरे बसवतो, त्यांना दोरी बांधून ताणतो आणि मधले चिरे त्या दोरीला धरून लावत जातो. उभं माप ओळंब्याने, आडवं दोरीने. त्या दोरीला तो आता सर्रास लाइनदोरी म्हणतो. व्युत्पत्तीच्या हिशेबाने ते ‘दोरीदोरी’ होतं, पण बोलताना ‘लाइन’ म्हणजे सरळपणा आणि ‘दोरी’ म्हणजे वस्तू अशी वाटणी त्याने नकळत केली आहे, आणि ती अगदी बरोबर आहे. इंग्रजी शब्दाचा प्रवास नेमका याच वाटेने झाला: आधी दोरा, मग दोऱ्याने दाखवलेला सरळपणा, मग जमिनीवर किंवा कागदावर उमटवलेली खूण.

हाच प्रवास आपल्याकडेही झाला आहे, आणि या चर्चेत मला सर्वांत मोलाचं तेच वाटतं. संस्कृतात ‘सूत्र’ म्हणजे दोरा. त्यातून नियम, त्यातून गणिताचं सूत्र. ‘सूत्रधार’ हा लाकूडकाम करणारा, मापाची दोरी धरणारा. त्या शब्दाचा झिजून आपला ‘सुतार’ झाला. सुताराच्या तोंडी आजही ‘सूत’ हे माप आहे, इंचाचा आठवा भाग. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणारी शुल्बसूत्रं आहेत, त्यातल्या ‘शुल्ब’चा अर्थही दोरीच. दोरी ताणून वेदी आखायची, आणि त्यातूनच भूमिती उभी राहिली. म्हणून कुणी ‘लाइन’ची व्युत्पत्ती सांगितली की मुलांना सूतही दाखवावं. गोष्ट लगेच आपली होते.

पण पुढे फरक पडतो. इंग्रजीने सगळे अर्थ एकाच शब्दात कोंबले. मराठीने कामं वाटून दिली आणि वाटणी फार बारकाईने केली.

वहीत मारतो ती रेघ. भूमितीत असते ती रेषा, दोन्ही बाजूंना न संपणारी. म्हणून तुकड्याला वेगळं ‘रेषाखंड’ म्हणावं लागतं. दोन्ही शब्द ‘रेखा’च्याच गोतावळ्यातले, पण ‘सरळ रेघ मार’ म्हणणारे आपण ‘सरळ रेषा मार’ म्हणत नाही. रेषा काढतात, रेघ मारतात. तळहातावर रेषा असतात. कपाळावर आठ्या, गालावर सुरकुत्या. इंग्रजीला तिन्ही ठिकाणी लाइन चालते.

ओळ आणि रांग यांतला भेद त्याहून नाजूक आहे. रांग म्हणजे सहसा एकामागे एक आणि कशाची तरी वाट पाहत: रेशनच्या दुकानासमोर, एसटीच्या खिडकीपाशी. ओळ म्हणजे शेजारी शेजारी: अक्षरांची, माडांची, घरांची. नियम काटेकोर नाही, सह्याद्रीची रांग कुणाची वाट पाहत उभी नाही. तरी कान बहुतेक वेळा बरोबर सांगतो. जेवायला बसलेल्यांची ओळ नसते, पंगत असते. मोत्यांचा सर, बगळ्यांची माळ. फुटबॉलमध्ये पुढे उभे राहतात ती आघाडीची फळी, मागे बचावफळी. सैन्याचीही फळीच फुटते, ओळ फुटत नाही. शेतात नांगराने पडतं ते तास. मुलांकडून एकदा हे शब्द बोलून घ्यावेत, मग ‘लाइन’चा अर्थ एका शब्दात मागायची इच्छाच होणार नाही.

हद्दीचंही तसंच. इंग्रजीत ‘लाइन ओढणे’ म्हणजे इथवर, पुढे नाही. आपण मर्यादा घालतो, लक्ष्मणरेषा सांगतो. कोकणात तर जमिनीची हद्द नुसती रेघ नसते, गडगा असतो. हात घालून मोजता येईल असा चिऱ्याचा नाहीतर दगडांचा गडगा, आणि शेतात दोन कुणग्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, मेर. ‘सीमारेषा’ हा शब्द नकाशावरच्या देशांना ठीक आहे. 1947 साली फाळणीच्या वेळी रॅडक्लिफने आखली ती रेषा खरोखरच आधी कागदावर होती.

समुद्राने ‘लाइन’ला जे अर्थ दिले ते किनाऱ्यावरच्या माणसाने नीट समजून घ्यायलाच हवेत, कारण त्यातला एक आपल्या घराच्या परवानगीपर्यंत येऊन पोचला आहे. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारी किनारी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 आणि 2019 च्या. तिन्हींत मोजमाप सुरू होतं ते ‘हाय टाइड लाइन’पासून. सरकारी मराठीत उच्चतम भरती रेषा. समुद्राकाठी या रेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांत येतो. आता, ही रेषा वाळूवर कुणी आखलेली नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी कुठवर येतं आणि उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, कुठवर चढतं, यात केवढं अंतर असतं ते आपण पाहतो. नियमातली रेषा म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर पोचतं तिथली, मोजणी करून नकाशावर उतरवलेली. किनाऱ्यावर शेवाळ, शिंपले, काटक्या यांचा पट्टा सुकतीनंतर, म्हणजे ओहोटीनंतर, राहतो ती आजच्या भरतीची खूण झाली. दोन्हींना इंग्रजीत लाइनच, पण घर बांधायचं तर पहिली विचारायची.

दुसरी रेषा जहाजाच्या अंगावर असते. जहाजात किती माल भरावा याला बंधन नव्हतं तेव्हा लोभापायी जहाजं बुडत आणि खलाशी मरत. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या ब्रिटिश खासदाराने याविरुद्ध लढा दिला आणि 1876 च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा दाखवणं सक्तीचं झालं. वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ ही ती खूण. शेजारी आखूड रेघांची शिडी असते: गोड्या पाण्यासाठी वेगळी, उष्ण कटिबंधासाठी वेगळी, हिवाळ्यासाठी वेगळी, कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं आणि हिवाळ्यात समुद्र जास्त खवळतो. जयगडला मोठी जहाजं येतात, तिथे कधी गेलात तर बघा. माणसाचा जीव वाचवणारी रेघ म्हणून तिच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

जुने खलाशी विषुववृत्ताला नुसतं ‘द लाइन’ म्हणत. आपण वृत्त म्हणालो. गोलावर काढलेली रेषा फिरून स्वतःलाच मिळते, तेव्हा आपला शब्द जास्त नेमका.

आणि मग आगबोट. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं ठरलेल्या क्रमाने घेत. पुष्कळ ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून ये-जा करत. असा ठरलेला जलमार्ग म्हणजे इंग्रजीत लाइन. मार्गावरून तो चालवणाऱ्या कंपनीलाही लाइन म्हणू लागले, आणि त्या मार्गावर नेमाने फिरणारं मोठं जहाज ‘लायनर’ झालं. विमानाची एअरलाइन याच ओळीत पुढे आली. म्हणजे दोरा, रेघ, मार्ग, कंपनी. चार पायऱ्या.

आता मजा बघा. मालवणात ट्रॉलरच्या इंजिनाशी झगडणारा मेकॅनिक वर येऊन सांगतो, “लायनर गेलो.” हा लायनर जहाज नव्हे. सिलिंडरच्या आतून बसवलेली नळी, पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती. याची वाट वेगळी आहे. कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, म्हणून ‘लाइन करणे’ म्हणजे अस्तर लावणे. पुढे कापड कोणतंही चाललं, आणि मग कापडही उरलं नाही: इंजिनाला आतून धातूचं अस्तर, ब्रेकला लायनर, कालव्याला काँक्रीटचं अस्तर. सरकारी मराठीने इथे ‘अस्तरीकरण’ हा शब्द केला तो मला पटतो, कारण ‘अस्तर’ शिंप्याकडचाच आहे. तर जहाजाचा लायनर दोऱ्याकडून आला, इंजिनाचा कापडाकडून, आणि दोघांच्या मुळाशी अळशीचं झाड.

रेल्वेबद्दल थोडक्यात. लाइन म्हणजे रूळही आणि मार्गही. कोकण रेल्वे 1998 च्या जानेवारीत संपूर्ण सुरू झाली, आणि आजही तिचा बहुतेक भाग ‘सिंगल लाइन’ आहे. इथे ‘एकेरी मार्ग’ म्हणावं, ‘एकच रूळ’ म्हणू नये, कारण एका मार्गाला रूळ दोन असतात. आपली गाडी मधल्याच स्टेशनात का ताटकळते याचं उत्तर या दोन शब्दांत आहे: समोरून येणारीला वाट द्यायची असते.

नाटकातल्या ‘लाइन्स’ना ओळी म्हणू नये, एवढा माझा आग्रह आहे. आपला नट वाक्य विसरतो, ओळ नाही. आणि दशावतारात तर लिहून दिलेल्या ओळी नसतातच. कथानक ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर उभ्याउभ्या रचतो. पत्राच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एका जागी येतात: इंग्रजीत ‘एक लाइन टाक’, आपण ‘पोचल्यावर चार ओळी लिही’. गोलंदाजाची लाइन ही ‘दिशा’, आणि लेंग्थ ‘टप्पा’. मराठी समालोचनाने हे दोन शब्द फार छान बसवले.

‘डेडलाइन’विषयीही पुष्कळदा विचारलं जातं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत एक रेषा ठरवलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. वृत्तपत्रांच्या धंद्यात हा शब्द वेळेच्या मर्यादेसाठी नंतर आला. आपल्याकडे ‘मुदत’ आहे, ती खुशाल वापरावी.

शेवटी आपली मराठी ‘लाइन’, बोलण्यात पुष्कळदा ‘लायन’. तिने इंग्रजीतले थोडेच अर्थ घेतले आणि काही स्वतःचे केले. “मुलगा कुठल्या लायनीत आहे?” यात धंदा, हा इंग्रजीतूनच. ‘पोलीस लाइन’ म्हणजे ओळीने बांधलेली घरं. ‘पोरगा लायनीवर आला’ म्हणजे सुधारला. ‘लाइन मारणे’ मात्र इंग्रजी माणसाला शब्दशः सांगून कळणार नाही. रांग या अर्थाची लाइनही इंग्रजी बोलताना जपून वापरावी. अमेरिकेत चालते, इंग्लंडमध्ये ‘क्यू’ म्हणतात.

मला आणखी एक हवं आहे. दोरी या अर्थाचे किनाऱ्यावरचे शब्द. गरवायचा तंगूस झाला, बोंबील सुकवायच्या वलांडीची दोरी झाली. पण होडी बांधायची, जाळ्याच्या वरच्या काठाची, खालच्या काठाची, नांगराची, अशी प्रत्येक दोरी कोळी, गाबीत आणि दालदी मंडळींकडे वेगळ्या नावाने ओळखली जाते, आणि हर्णैचं नाव वेंगुर्ल्याला चालेलच असं नाही. ज्यांच्या घरी मासेमारी आहे त्यांनी आपल्या गावातली नावं, गावाच्या नावासकट, लिहून पाठवावीत.